चांदीचा चिमटा आणि पोलादी जाळी

उच्च रक्तदाबाने मरण पावलेल्या माणसांची शवविच्छेदने करीत असताना क्लीव्हलंडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील हॅरी गोल्डब्लाट या विकृतिशास्त्रज्ञाला एक गोष्ट पुनःपुन्हा दिसे, ती ही की अशा माणसांच्या मूत्रपिंडांतील बारीक रक्तवाहिन्या बहुधा जाड आणि अरुंद झालेल्या असत. त्या काळचे वैद्यकशास्त्र याचा उलगडा असा करी की दाब आधी चढतो आणि त्याचा मार सोसून रक्तवाहिन्या मागाहून बिघडतात. परंतु हा क्रम नेमका उलटा तर नसेल, ही शंका गोल्डब्लाटला स्वस्थ बसू देईना. शंकेचे निरसन करण्यासाठी त्याने चांदीचा एक चिमटा घडवून घेतला. मळसूत्र फिरवून हवा तेवढाच आवळता येईल अशी त्याची रचना होती. कुत्र्याच्या पोटातील महारोहिणीपासून मूत्रपिंडाकडे जी रोहिणी फुटते तिच्याभोवती तो बसवावयाचा, रक्ताचा प्रवाह पुरता न थांबवता केवळ आक्रसवावयाचा, आणि मग दिवसेंदिवस त्या जनावराचा रक्तदाब मोजीत राहावयाचे, असा तो उद्योग होता. एका बाजूची रोहिणी आवळली तर दाब काही काळ चढून पुन्हा उतरे. दोन्ही बाजू आवळल्या तर तो चढलेलाच राही. हा वृत्तान्त १९३४ साली प्रसिद्ध झाला आणि उच्च रक्तदाब हा निदान काही वेळा तरी मूत्रपिंडाच्या उपासमारीतून जन्मतो, हे प्रमेय सिद्ध झाले.

आपल्याकडे शाळेत भूमिती शिकलेला प्रत्येक विद्यार्थी जाणतो की प्रमेय सिद्ध झाले म्हणून त्याचा व्यत्यास आपोआप सिद्ध होत नाही, त्याची सिद्धता स्वतंत्रपणे द्यावी लागते. रोहिणी आवळली की दाब चढतो, हे गोल्डब्लाटचे प्रमेय. आवळलेली रोहिणी मोकळी केली की दाब उतरतो, हा त्याचा व्यत्यास. मूत्रपिंडाच्या अरुंद झालेल्या रोहिणीवरील उपचारांचा गेल्या सुमारे ऐंशी वर्षांचा सारा इतिहास म्हणजे या व्यत्यासाच्या सिद्धतेसाठी झालेली खटपट होय, असे माझे मत आहे. आणि त्या खटपटीत जी बुद्धिमत्ता, जे धाडस आणि जी निराशा खर्ची पडली तिची हकीकत सांगण्याजोगी आहे.

मूळ यंत्रणा समजून घ्यावयाची तर आपल्या कालव्यांकडे पाहावे. हृदय दर मिनिटाला जेवढे रक्त बाहेर टाकते त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा, म्हणजे लीटरभर किंवा थोडे अधिक, मुठीएवढ्या दोन मूत्रपिंडांकडे जातो. इतका मोठा वाटा त्यांना पोषणासाठी लागत नाही. गाळण्याचे काम करावयाचे म्हणून तो मिळतो. आता चारीच्या तोंडाशीच गाळ साचला, तर टेलच्या शेतकऱ्याला कालव्यात मुबलक पाणी असूनही ते कमी झाल्यासारखे वाटते आणि तो पाटकऱ्याकडे विसर्ग वाढवा म्हणून तक्रार गुदरतो. मूत्रपिंड हेच करते. आपल्यापर्यंत दाब पोहोचत नाही असे दिसताच ते रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते; त्यापासून पुढे अँजिओटेन्सिन तयार होते, ते अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळते, शरीरातील मीठ व पाणी धरून ठेवावयास लावते, आणि एका चारीच्या तक्रारीपायी सबंध कालव्याची पातळी चढते. तक्रार खोटी नसते. तिच्यावर झालेली तजवीज मात्र हृदयाला, मेंदूला आणि दुसऱ्या निरोगी मूत्रपिंडाला महागात पडते.

रेनिनचा शोध गोल्डब्लाटच्या कितीतरी आधीचा. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगरश्टेट या फिनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने आपला विद्यार्थी बर्गमन याच्या साहाय्याने सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या शिरेत टोचला, दाब चढलेला पाहिला आणि १८९८ साली तसे लिहून ठेवले. पण ते लेखन जवळपास तीन तपे दप्तरातच पडून राहिले. त्याच्याही आधी, १८३६ साली, लंडनच्या गायज् रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट याने आक्रसलेली मूत्रपिंडे आणि वाढलेले हृदय एकाच शवात वारंवार आढळतात हे नोंदवले होते. दाब मोजण्याची पट्टी त्या वेळी अस्तित्वात नव्हती. रुग्णाचे मूत्र चमच्यात घ्यावयाचे, मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावयाचे आणि ते अंड्याच्या पांढऱ्यासारखे गोठते का ते पाहावयाचे, एवढ्या साधनावर त्या माणसाने मूत्रपिंड आणि हृदय यांचे नाते ओळखले. अशा निरीक्षणापुढे आजच्या यंत्रसामग्रीचा अभिमान थोडा आवरता घ्यावासा वाटतो. अँजिओटेन्सिनचा शोध १९४०च्या सुमारास ब्युनॉस आयरीस आणि इंडियानापोलिस येथे एकाच वेळी स्वतंत्रपणे लागला, दोन्ही पक्षांनी त्याला निरनिराळी नावे दिली, आणि अखेर १९५८ साली दोन्ही नावांचा अर्धा अर्धा भाग जोडून तडजोडीचे नाव रूढ करण्यात आले.

गोल्डब्लाटच्या प्रमेयाचा पहिला परिणाम शस्त्रक्रियेच्या टेबलावर झाला. १९३८ साली लेडबेटर आणि बर्कलंड या दोघांनी, अतिशय चढलेला दाब असलेल्या सुमारे पाच वर्षांच्या एका मुलाचे, जागा सोडून ओटीपोटात वाढलेले आणि रोहिणी तुंबलेले मूत्रपिंड काढून टाकले. मुलाचा दाब पूर्ववत झाला. व्यत्यास सिद्ध झाल्याची ग्वाही मिळाली असे सर्वांना वाटले, आणि पुढील दोन दशके दाब चढलेला आहे व एक मूत्रपिंड दुसऱ्याहून लहान दिसते एवढ्या आधारावर माणसांची मूत्रपिंडे काढली गेली. होमर स्मिथ या मूत्रपिंडाच्या थोर अभ्यासकाने १९५६ साली अशा ५७५ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला, तेव्हा वर्षानंतरही दाब स्वाभाविक राहिलेले रुग्ण जेमतेम चौथा हिस्सा भरले. उरलेल्या तीन हिश्शांनी अवयव गमावला आणि रोग जवळच राहिला. स्मिथचा हा ताळेबंद त्या काळी वाचला गेला, मानला गेला आणि पुढे नवे साधन हाती येताच विसरला गेला, याची मला आजही खंत वाटते.

दरम्यान मूत्रपिंड काढण्याऐवजी त्याची वाट मोकळी करावी हा अधिक शहाणपणाचा विचार पुढे आला. १९५४ साली नॉर्मन फ्रीमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी महारोहिणी उघडून मूत्रपिंडांच्या रोहिण्यांच्या तोंडाशी साचलेला थर खरवडून काढला. नंतर दुसऱ्या रक्तवाहिनीचा तुकडा जोडून वळणवाट काढण्याच्या शस्त्रक्रिया आल्या. पोट उघडण्याचा हा मामला वयस्क रुग्णांना पेलत नसे. परंतु १९५३ साली स्टॉकहोमच्या स्वेन सेल्डिंगर या तरुण क्ष-किरणतज्ज्ञाने एक युक्ती जगापुढे मांडली होती: जांघेतील रोहिणीत सुई घालावी, सुईतून लवचिक तार आत सारावी, सुई काढून घ्यावी आणि तारेवरून नळी ओवावी. सुई, तार, नळी. या तीन शब्दांवर पुढचे सगळे वैद्यक उभे आहे. शरीर न कापता मूत्रपिंडाच्या दारापर्यंत जाता येऊ लागले आणि क्ष-किरणांना अपारदर्शक असे द्रव्य सोडून रोहिणीचे स्वच्छ चित्र घेता येऊ लागले.

चित्र घेणाऱ्या त्या नळीनेच वाट मोकळी करता येईल, ही कल्पना अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, पोर्टलंड येथील चार्ल्स डॉटर याची. १६ जानेवारी १९६४ रोजी त्याच्यापुढे ८२ वर्षांची एक वृद्धा आली, जिच्या पायाची बोटे सडू लागली होती आणि पाय कापण्यास जिने साफ नकार दिला होता. डॉटरने तिच्या मांडीतील अरुंद रोहिणीत आधी बारीक व मग तिच्यावरून जाड, अशा चढत्या जाडीच्या नळ्या सारल्या. पाय ऊबदार झाला, जखम भरली आणि पुढे मृत्यूपर्यंत ती बाई आपल्या दोन्ही पायांवर चालली. अमेरिकेतील शल्यविशारदांनी डॉटरला जवळजवळ वेड्यात काढले. युरोपात मात्र त्याच्या पद्धतीचे चाहते निर्माण झाले. त्यांच्यापैकी एक, ड्रेस्डेनमध्ये जन्मलेला आणि झुरिकमध्ये नोकरीस असलेला आंद्रेआस ग्रुंट्सिग, रुग्णालयातील काम आटोपल्यावर घरी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसे आणि पत्नी व सहकारी यांच्या मदतीने प्लास्टिकच्या नळीवर फुगा चिकटविण्याचे प्रयोग करी. रबरी फुगा जिथे अडचण कमी तिथे जास्त फुगतो आणि अरुंद जागी तसाच आवळलेला राहतो. ग्रुंट्सिगला हवा होता ठरलेल्या व्यासापर्यंतच फुगणारा आणि तेथे टणक होणारा फुगा. तो त्याने १९७४ साली पायाच्या रोहिणीत, १९७७ साली हृदयाच्या रोहिणीत वापरला, आणि १९७८ साली लॅन्सेट नियतकालिकात मूत्रपिंडाची अरुंद रोहिणी फुग्याने रुंदावून दाब उतरविल्याचा वृत्तान्त दिला. १९८५ साली डॉटर वारला. त्याच वर्षी, स्वतःचे विमान चालवीत असता झालेल्या अपघातात ग्रुंट्सिगही वयाच्या ४६व्या वर्षी गेला.

फुग्याला मूत्रपिंडाच्या दाराशी एक अडचण भेटली. तरुण स्त्रियांत आढळणाऱ्या एका विकारात रोहिणीच्या मधल्या भागात मण्यांच्या माळेसारखे आवळे पडतात, त्यांवर फुगा उत्तम लागू पडे आणि आजही पडतो. उतारवयात चरबी व चुना साचून होणाऱ्या विकारात मात्र अडथळा रोहिणीच्या अगदी मुखाशी असतो, आणि तो थर खरे पाहता महारोहिणीच्या भिंतीचाच असतो. चारीचे तोंड कालव्याच्या बांधानेच दाबून धरावे तसा. फुगा फुगला की हा थर बाजूला सरके आणि फुगा मिटला की पुन्हा जागेवर येई. बाजूला सारलेल्या भिंतीला तिथेच अडवून धरणारा टेकू हवा होता.

तो ज्याने दिला त्या हुलिओ पाल्माझचा जन्म अर्जेंटिनातील ला प्लाता येथला. १९७८ साली न्यू ऑर्लिन्स येथे ग्रुंट्सिगचे व्याख्यान ऐकत असताना, फुगा काढल्यावर वाट पुन्हा मिटू नये म्हणून आत काही ठेवता येईल का, हा विचार त्याच्या मनात आला. आणि नमुना त्याला सापडला तो स्वतःच्या गॅरेजमध्ये, गिलावा धरून ठेवण्यासाठी भिंतीला ठोकतात त्या धातूच्या जाळीच्या टाकून दिलेल्या तुकड्यात. त्या पत्र्याला एकाआड एक चिरा पाडलेल्या असतात. पत्रा ताणला की प्रत्येक चीर उघडून शंकरपाळ्याच्या आकाराची होते आणि मग ती आपणहून मिटत नाही. हीच रचना पाल्माझने पोलादाच्या बारीक नळीवर उतरवली, टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे प्राण्यांवर तिची खातरजमा करून घेतली आणि १९८८ साली तिचे पेटंट मिळवले. १९९१ साली मूत्रपिंडाच्या रोहिणीच्या मुखाशी ती बसविल्याचे अनुभव प्रसिद्ध झाले. आज ही वस्तू कोणी तळहातावर ठेवली तर ती नखाच्या लांबीची, फुगवल्यावर पाच-सहा मिलीमीटर व्यासाची, वजन जाणवू नये इतकी हलकी असते. पण बसवताना तिचे टोक महारोहिणीत मिलीमीटर-दोन मिलीमीटर डोकावले पाहिजे, कमी पडले तर मुखाशी असलेला थर मोकळा राहतो आणि जास्त झाले तर पुढे कधी नळी आत घालणे कठीण होते, एवढी नजरबाजी तिच्यामागे आहे. तिचे स्टेंट हे नाव चार्ल्स स्टेंट या एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या दंतवैद्याचे. दातांचे साचे घेण्याचे त्याचे मिश्रण पहिल्या महायुद्धात एसर या डच शल्यवैद्याने त्वचारोपणाला आधार देण्यासाठी वापरले, आणि ते नाव हळूहळू आधार देणाऱ्या वस्तुमात्राचे झाले.

नेदरलँड्समधील डॉक्टरांनी केवळ फुगा आणि जाळीसह फुगा यांची केलेली तुलना १९९९ साली प्रसिद्ध झाली. मुखाशी असलेल्या अडथळ्यात फुग्याला ५७ टक्के तर जाळीला ८८ टक्के यश आले, आणि सहा महिन्यांनी वाट मोकळी राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे २९ व ७५ टक्के भरले. जाळीची ही निर्विवाद सरशी होती. परंतु त्याच अहवालात असेही होते की दाब आणि मूत्रपिंडाचे कार्य यांत दोन गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. वाट मोकळी झाली होती, वाटसरू होता तेथेच होता. या वाक्यापाशी जगाने थांबावयास हवे होते. उलट अमेरिकेत १९९६ ते २००० या काळात वृद्धांच्या सरकारी विमायोजनेखाली झालेले असे उपचार दुपटीहून अधिक वाढले; हृदयाची तपासणी करता करता नळी थोडी खाली आणून मूत्रपिंडांकडेही पाहून घ्यावे, आणि रोहिणी अरुंद दिसली की जाळी बसवून टाकावी, असा परिपाठ पडला. यामागे केवळ लोभ होता असे मी म्हणणार नाही. पडद्यावर अरुंद रेघ दिसते, काही मिनिटांत ती भरीव व सरळ झालेली दिसते, आणि हे ज्याने स्वतःच्या हातांनी केले आहे त्याला त्याचा उपयोग झाला नसेल असे वाटणे मनुष्यस्वभावाला धरून नाही.

व्यत्यासाची रीतसर परीक्षा अखेर झाली. औषधे सर्वांना द्यावयाची आणि जाळी चिठ्ठ्या टाकून निम्म्यांनाच बसवावयाची, अशा रीतीने ब्रिटनमधून चालविलेल्या ॲस्ट्रल या प्रयोगात ८०६ रुग्ण होते. २००९ साली त्याचा निष्कर्ष आला की जाळीने मूत्रपिंडाचे अर्थपूर्ण रक्षण झाले नाही, आणि काहींना उपचाराचीच गंभीर इजा झाली. अमेरिकेतील कोरल या प्रयोगात ९४७ रुग्ण घेण्यात आले. साडेतीन वर्षांहून अधिक काळ त्यांचा मागोवा घेतल्यावर मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणे वगैरे आपत्ती जाळीच्या गटात ३५.१ टक्क्यांना आणि केवळ औषधांच्या गटात ३५.८ टक्क्यांना गाठतात, असे २०१३च्या अखेरीस जाहीर झाले. वरचा दाब जाळीमुळे सरासरीने दोन-सव्वादोन अंशच अधिक उतरला होता.

असे का व्हावे, याचे उत्तर गोल्डब्लाटच्या प्रयोगातच होते. त्याचा कुत्रा निरोगी होता आणि चिमटा आवळेपर्यंत त्याच्या मूत्रपिंडाला काहीही झालेले नव्हते. सत्तरीतला मधुमेही माणूस तसा नसतो. त्याचा दाब पुष्कळदा तीस वर्षांचा जुना असतो, मूत्रपिंडातील सूक्ष्म वाहिन्या आतून कधीच्याच झिजलेल्या असतात, आणि मुखाशी दिसणारा अडथळा हे दाबाचे कारण नसून त्याच झिजेचे आणखी एक फळ असते. त्यातून नळी फिरवताना थरातील कण सुटून खाली जातात आणि उरल्यासुरल्या वाहिन्या तुंबवतात. दुसरीकडे औषधेही मागे राहिली नव्हती. ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषावरील संशोधनातून निघालेले आणि १९८१ साली बाजारात आलेले कॅप्टोप्रिल अँजिओटेन्सिन बनू देत नसे, म्हणजे तक्रारअर्ज वाटेतच अडवी. आणि दोन्ही रोहिण्या अरुंद असतील तर मूत्रपिंडाने गाळून टाकावयाचे क्रिएटिनिन हे द्रव्य याच औषधाने रक्तात एकाएकी चढे, त्यामुळे लपलेला रोग उघडकीस येई. ज्यांच्या दोन्ही रोहिण्या अरुंद आहेत आणि ज्यांच्या फुप्फुसांत मध्यरात्री अकस्मात पाणी भरून श्वास कोंडतो, अशा रुग्णांचे वर्णन न्यूयॉर्कच्या थॉमस पिकरिंगने १९८८ साली केले. त्यांच्यासारख्यांना वाट मोकळी केल्याने उतार पडतो हे डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिलेले असल्यामुळे चिठ्ठ्या टाकण्याच्या प्रयोगांत ते फारसे आलेच नाहीत, आणि म्हणून त्या प्रयोगांचा निवाडा त्यांना सरसकट लागू करता येत नाही.

आपल्या देशात या रोगाचा चेहरा निराळा आहे, आणि त्याच्या अभ्यासात मुंबईचा वाटा मोठा आहे. कानाझावाचे नेत्रवैद्य मिकितो ताकायासू यांनी १९०८ साली एका तरुणीच्या नेत्रपटलावरील रक्तवाहिन्यांचे विचित्र वेटोळे दाखविले. पुढे कळले की महारोहिणी आणि तिच्या शाखांची भिंत सुजून जाड होण्याचा तो विकार आहे. जपानात तो विशेषेकरून मान व हात यांच्या शाखांना धरी, तर भारतात पोटातील महारोहिणी आणि मूत्रपिंडांच्या रोहिण्या यांवर त्याचा रोख अधिक. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन, विकृतिशास्त्रज्ञ डॉ. किणरे, डॉ. पारुळकर आणि त्यांचे सहकारी यांनी असे रुग्ण वर्षानुवर्षे तपासले, १९६३ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मध्य महारोहिणीच्या विकारावर लेख लिहिला, आणि १९७३ साली १०१ रुग्णांच्या अभ्यासावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. १९६८ साली भारतातील पहिले हृदयारोपण करणारे म्हणून डॉ. सेन यांचे नाव घेतले जाते. मला त्यांचा हा संथ, दप्तर राखून केलेला उद्योग तितकाच मोलाचा वाटतो. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आणि गोविंद वल्लभ पंत रुग्णालयात अशा रुग्णांच्या रोहिण्या फुग्याने रुंदावण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. सुजेने घट्ट झालेली ही भिंत चिवट असते, फुगा अधिक दाबाने आणि पुनःपुन्हा फुगवावा लागतो, आणि सूज निवण्यापूर्वी हात घातला तर वाट पुन्हा मिटते. परंतु साधले तर विशी-तिशीतल्या रुग्णाचा दाब खरोखर उतरतो, कारण येथे मूत्रपिंड बहुधा अजून शाबूत असते आणि चिमटा नुकता आवळलेला असतो.

हा विकार जडलेली मुलगी दवाखान्यात येते ती डोकेदुखीची, धाप लागण्याची किंवा चालताना पाय भरून येण्याची तक्रार घेऊन. तिच्या डाव्या मनगटाला नाडी लागत नाही. दंडाला पट्टी बांधली तर आकडा कमीच येतो, कारण खांद्याकडची रोहिणीदेखील त्याच रोगाने आवळलेली असते. आणि हिचा दाब कमी आहे, रक्त कमी आहे, असे सांगून लोहाच्या गोळ्या देऊन तिला घरी पाठविल्याची उदाहरणे डॉक्टरांना ठाऊक आहेत. जाणता डॉक्टर मग दुसऱ्या दंडाला पट्टी बांधतो, बेंबीच्या वर, किंचित बाजूला, स्टेथास्कोप टेकवून अरुंद वाटेतून धावणाऱ्या रक्ताची सूं सूं ऐकतो, आणि दोन्ही दंडांचा भरवसा नसेल तर मोठी पट्टी मागवून ती तिच्या मांडीला बांधतो.